सोलापुरात बसून अंडरग्राउंड डान्स म्युझिक विकत घेताना : फाइल की रेकॉर्ड?

मिरवणुकीत वाजणारी रिमिक्सं एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर फिरत येतात, ती कुणी विकत घेत नाही. टेक्नो, हाउस, इलेक्ट्रो, डब टेक्नो, ड्रम अँड बेस यांतलं जे संगीत छोट्या लेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपन्यांकडून, निघतं त्याचं तसं नसतं. एखाद्या रेकॉर्डच्या तीनशे-पाचशे प्रती निघतात, स्ट्रीमिंगवर ते पुष्कळदा येतच नाही आणि नव्या पेठेत कितीही हिंडलं तरी हाती लागत नाही. ते बाहेरून मागवावं लागतं, फाइल म्हणून नाहीतर बारा इंची रेकॉर्ड म्हणून. दोन्हीकडे नवख्याचे पैसे वाया जायच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. सोलापुरातून घेताना फाइल हा नियम धरा आणि रेकॉर्ड हा अपवाद. बर्लिनमध्ये राहणारा माणूस दुकानात जाऊन एक रेकॉर्ड उचलून घरी येतो. आपल्याकडे त्याच रेकॉर्डवर टपालखर्च, सीमाशुल्क आणि मे महिना असे तीन बोजे चढतात. त्यामुळे रेकॉर्ड घ्यायला कारण हवं : ते संगीत फक्त व्हिनाइलवरच, म्हणजे रेकॉर्डवरच, निघालं आहे, किंवा तुमच्याकडे दोन टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायची यंत्रं) आहेत आणि तुम्ही खरोखर त्यांवर मिक्स करता, म्हणजे एका ट्रॅकमध्ये दुसरा मिसळता, किंवा ते लेबल तुमच्या इतकं जिव्हाळ्याचं आहे की हिशेब करायचाच नाही. तिसऱ्या कारणाशी आम्ही वाद घालत नाही.

हाताशी काय लागेल

फाइल घेण्यासाठी :
- व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड, आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू केलेलं
- पेपाल खातं (सक्तीचं नाही, पण रेकॉर्डच्या वेळी फार उपयोगी)
- लॅपटॉप, बऱ्यापैकी हेडफोन, बॅकअपसाठी एक बाहेरची हार्ड डिस्क
- स्पेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर, फाइलचा दर्जा तपासायला

रेकॉर्डसाठी वरचं सगळं, आणि शिवाय :
- आधार किंवा पॅनची स्वच्छ स्कॅन प्रत, कुरिअरच्या केवायसीसाठी
- इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहून ठेवलेला पत्ता, पिनकोड आणि मोबाइल नंबरासह
- दुकानाचं बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा, पीडीएफमध्ये
- टर्नटेबल, फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवणारा डबा) किंवा फोनो इनपुट असलेला मिक्सर, सुईचा भार मोजायचा छोटा काटा, कार्बन फायबरचा ब्रश

१. कार्ड आधी तयार करा

यूपीआय इथे चालत नाही, आणि रुपे कार्ड परदेशी दुकानांत बहुतेक ठिकाणी स्वीकारलं जात नाही. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नव्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपण चालू करायचे. मर्यादा लागेल तेवढीच ठेवा, समजा पाच हजार, आणि खरेदी झाली की परत बंद करा. हा अतिसावधपणा नाही. परदेशी दुकान ओटीपी न मागताही रक्कम कापू शकतं, म्हणून मर्यादा हेच तुमचं कुलूप.

बँक परकीय चलनावर मार्कअप लावते, तो बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो, आणि मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३.५ टक्क्यांचे प्रत्यक्षात ४.१३ होतात. पेपालने स्वतः चलन बदललं तर त्याचा दर बहुधा बँकेपेक्षा महाग पडतो. पैसे भरायच्या शेवटच्या पडद्यावर तो दर लिहिलेला असतो, बटण दाबायच्या आधी वाचा.

२. ट्रॅकचं पूर्ण नाव-गाव काढा

घाईने चुकीची आवृत्ती घेतली जाते ती याच पायरीवर. एकाच ट्रॅकचे ओरिजिनल मिक्स, डब मिक्स, रेडिओ एडिट, तीन जणांचे रिमिक्स आणि नंतरचं रीमास्टर असू शकतं. मिक्सिंगसाठी लांब इंट्रो-आउट्रो (सुरुवात आणि शेवट) असलेली आवृत्ती लागते. रेडिओ एडिट तीन-साडेतीन मिनिटांत संपते आणि हातात काही उरत नाही.

लिहून घ्यायच्या गोष्टी पाच : कलाकार, ट्रॅकचं नाव, मिक्सचं नाव, लेबल आणि कॅटलॉग नंबर. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. लेबलच्या नावाची दोन-तीन अक्षरं आणि पुढे आकडा असं त्याचं रूप असतं आणि तो रेकॉर्डच्या मधल्या कागदावर छापलेला असतो. हा नंबर शोधात टाकला की नावसाधर्म्याचा घोळ मिटतो. मग तो डिस्कॉग्जवर टाका. २००० साली सुरू झालेली ही सूची आहे आणि तिथे प्रत्येक रिलीजचं पान असतं : कुठल्या साली, कुठल्या देशात, कुठल्या रूपात निघालं. त्या पानावर फाइलचा उल्लेख असेल तर तिसऱ्या पायरीकडे जा. फक्त 'व्हिनाइल, १२ इंची' असेल आणि लेबलच्या स्वतःच्या पानावरही फाइल दिसत नसेल, तर सरळ सहाव्या पायरीकडे.

३. फाइल कुठून घ्यायची

पहिली पसंती बँडकॅम्प. कारण भावनिक नाही, व्यवहाराचं आहे. पूर्ण ट्रॅक आधी ऐकता येतो, एकदा पैसे दिले की एमपी३, फ्लॅक, वाव, एआयएफएफ असे सगळे फॉरमॅट त्याच किमतीत मिळतात, आणि नंतर तोच ट्रॅक दुसऱ्या फॉरमॅटमध्ये पुन्हा उतरवता येतो. डिजिटल विक्रीवर कंपनी साधारण १५ टक्के ठेवते, बाकी लेबलकडे किंवा कलाकाराकडे जातं. 'बँडकॅम्प फ्रायडे'ला ती हा हिस्साही सोडते. हे मार्च २०२० मध्ये सुरू झालं, वर्षातल्या ठरावीक शुक्रवारीच असतं आणि वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची धरतात. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी १२.३० ला आणि हिवाळ्यात १.३० ला सुरू होऊन शनिवारी त्याच वेळेला संपतं. शुक्रवारी सकाळी उठून घाईने खरेदी केलीत तर तिथे अजून गुरुवारच असतो.

इथला सापळा असा. एकाच पानावर 'डिजिटल अल्बम' आणि 'व्हिनाइल' अशी दोन बटणं असतात. व्हिनाइल घेतलं की त्यासोबत फाइल बहुधा मिळतेच, तसं खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आधी फाइल आणि आठवड्याने रेकॉर्ड घेतलीत तर फाइलचे पैसे दोनदा गेले. दुसरी गोष्ट, प्री-ऑर्डरचे पैसे सहसा लगेच कापले जातात आणि माल मात्र महिन्यांनी येतो. प्रेसिंग, म्हणजे कारखान्यात रेकॉर्ड तयार होणं, लांबणं या धंद्यात नेहमीचं आहे.

बीटपोर्ट २००४ पासून खास डीजेंसाठी चालतं. नवीन, मोठ्या वितरणातलं टेक्नो-हाउस तिथे लगेच मिळतं, टेम्पो आणि स्वर लिहिलेला असतो. मूळ किंमत ३२० केबीपीएस एमपी३ची, वावसारख्या मोठ्या फॉरमॅटला प्रत्येक ट्रॅकमागे जादा आकार पडतो. दहा-बारा ट्रॅक झाले की तो जाणवतो. जुनं, विचित्र आणि ब्रिटिश संगीत शोधायला जूनो डाउनलोड चांगलं. जूनोचं रेकॉर्डचं दुकान वेगळं आणि डाउनलोडचं वेगळं, दोन्हींच्या टोपल्या एकत्र होत नाहीत. बर्लिनचं हार्ड वॅक्स आणि मँचेस्टरचं बूमकॅट ही मूळची रेकॉर्डची दुकानंही डाउनलोड विकतात. हार्ड वॅक्स १९८९ पासून आहे आणि तिथली एका ओळीची वर्णनं वाचत बसणं हाच नवख्यासाठी अर्धा अभ्यासक्रम.

परदेशी डिजिटल सेवांवर भारतातल्या ग्राहकाला १८ टक्के जीएसटी लागतो. काही दुकानं तो शेवटच्या पानावर दाखवतात, म्हणून आधी दिसलेली किंमत आणि कापलेली रक्कम जुळली नाही तर दचकू नका.

यूट्यूबवरून उतरवलेल्या फाइलबद्दल दोनच वाक्यं. लॅपटॉपच्या स्पीकरवर फरक कळत नाही, पण मोठ्या साउंडवर हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) वाळू चाळल्यासारखे येतात आणि बेस पोकळ होतो. शिवाय तीनशे प्रती काढणाऱ्या लेबलला पुढची रेकॉर्ड काढायला पैसा विक्रीतूनच उभा करायचा असतो.

४. फॉरमॅट : आमचं उत्तर एआयएफएफ

सात मिनिटांच्या ट्रॅकचं गणित बघा. ३२० केबीपीएस एमपी३ सुमारे १७ एमबी. सीडी दर्जाची वाव किंवा एआयएफएफ सुमारे ७४ एमबी. फ्लॅक त्याच दर्जाची, पण दाबून भरलेली, म्हणून साधारण ४०-५० एमबी.

घरी फक्त ऐकायचं असेल तर फ्लॅक. वाजवायचं असेल तर क्लबमधलं मशीन कोणतं यावर ठरतं. पायोनियरचा सीडीजे-२००० हा डीजेंचा प्लेअर आणि त्यानंतरचा नेक्सस फ्लॅक वाचत नाहीत, नेक्सस-२ वाचतो. पुण्या-मुंबईला जाऊन वाजवायची वेळ आली आणि समोर जुनं मशीन आलं तर फ्लॅकने भरलेला पेनड्राइव्ह कुचकामी. एआयएफएफ दोन्हींवर चालते.

मग वाव का नको? वाव फाइलमध्ये कलाकार, लेबल, कव्हरचं चित्र ही माहिती नीट टिकत नाही. पाचशे फाइली 'ट्रॅक ०१' नावाने समोर आल्या की त्याची किंमत कळते. दुसरं, काही वाव फाइलींचं हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) वेगळ्या प्रकारचं असतं आणि सीडीजे 'ई-८३०५' असा एरर दाखवून त्या नाकारतो. फाइल खराब नसते, लॅपटॉपवर सुरळीत वाजते, म्हणून माणूस पेनड्राइव्ह बदलत बसतो. ती फाइल एआयएफएफमध्ये बदलली की काम होतं. तसंच ९६ किलोहर्ट्झच्या फाइली जुनी मशीनं घेत नाहीत. ४४.१ किलोहर्ट्झवर राहा.

एमपी३ला नाकं मुरडायची गरज नाही. दुकानातून घेतलेली खरी ३२०ची फाइल बहुतेक ठिकाणी पुरते. बजेट कमी असेल तर एका ट्रॅकच्या भारी फॉरमॅटपेक्षा दोन ट्रॅक एमपी३मध्ये घ्यावेत.

५. फाइल उतरली की त्याच दिवशी

आधी स्पेकमध्ये उघडा. फाइलचं रंगीत चित्र दिसतं, खाली वेळ आणि उभ्या बाजूला फ्रिक्वेन्सी. खरी लॉसलेस फाइल (वाव, एआयएफएफ, फ्लॅक अशी दर्जा न गमावलेली) वर २२ किलोहर्ट्झपर्यंत जाते. ३२०ची एमपी३ साधारण २० ला थांबते. १६ ला सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर ती कुठल्यातरी हलक्या एमपी३वरून फुगवलेली फाइल आहे, तिच्या नावापुढे वाव लिहिलं असलं तरी. लेबलला स्क्रीनशॉटसह कळवा, चूक असेल तर बदलून देतात. एक सूचना : जुन्या कॅसेटवरून मास्टर केलेल्या आणि मुद्दाम मंद ठेवलेल्या डब टेक्नोत वरच्या फ्रिक्वेन्सी मुळातच नसतात. तिथे चित्र हळूहळू काळं होत जातं, सरळ रेघ नसते. तो फरक ओळखल्याशिवाय तक्रारीचा मेल लिहू नका.

मग नाव आणि माहिती भरा, हार्ड डिस्कवर दुसरी प्रत टाका. 'वेबसाइटवर आहेच की, नंतर उतरवू' यावर विसंबू नका. लेबलं बंद पडतात, करार बदलतात. बँडकॅम्पचीच मालकी २०२२ मध्ये एपिक गेम्सकडे आणि २०२३ मध्ये साँगट्रेडरकडे गेली.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर हा पर्याय मिळत नाही, म्हणून ३२ जीबीचाच घ्या. त्यात सात मिनिटांच्या चारशेच्या वर एआयएफएफ फाइली बसतात, एका रात्रीला तेवढ्या कुणालाच लागत नाहीत. तसेच दोन ठेवा, दोन्हींवर तेच. आणि फाइल विकत घेतली म्हणजे सार्वजनिक कार्यक्रमात वाजवायचा परवाना मिळाला असं नाही. तो परवाना वेगळा असतो आणि आयोजकाने घ्यायचा असतो. हॉटेलवाल्याशी बोलताना हे आधीच स्पष्ट करून घ्या.

६. रेकॉर्ड मागवण्याआधी हा हिशेब करा

आकडे समजुतीपुरते धरू, १ युरो म्हणजे १०० रुपये. एक रेकॉर्ड १२ युरो, जर्मनीहून टपालखर्च २५ युरो, आणि इथला एकूण कर समजा ४० टक्के. कर फक्त रेकॉर्डच्या किमतीवर लागत नाही, टपालखर्च आणि विमा धरून जी बेरीज होते तिच्यावर लागतो, आणि हेच नवख्याच्या लक्षात येत नाही. म्हणजे ३७०० अधिक १४८० : एका रेकॉर्डला ५१८० रुपये. त्याच पाच रेकॉर्ड एकदम मागवल्या तर ६० युरोचा माल, टपालखर्च वाढून समजा ३५. ९५०० अधिक ३८०० मिळून १३,३०० : एक रेकॉर्ड २६६० ला पडली. तिच्यावरच्या चार ट्रॅकच्या फाइली प्रत्येकी १.५ युरोने घेतल्या असत्या तर ६०० रुपये, जीएसटी लागला तर ७०८.

यातून तीन नियम निघतात. एकटी रेकॉर्ड मागवू नका, चार-पाच जमू द्या. पाच दुकानांतून एकेक घेण्यापेक्षा एका दुकानातून पाच घ्या, भले त्यातली एखादी दुसरीकडे दोन युरोने स्वस्त असो. शहरात अजून कुणी घेणारा असेल तर त्याच्यासोबत ऑर्डर करा. जुळे सोलापूर आणि अशोक चौक यांच्यात एक ऑर्डर वाटून घेणं हॅम्बुर्गहून दोन पार्सलं आणण्यापेक्षा स्वस्तच.

युरोपातल्या किमतीत तिथला व्हॅट धरलेला असतो, जर्मनीत १९ टक्के, ब्रिटनमध्ये २०. भारतात पाठवायच्या मालाला तो लागू नाही. पत्त्यात भारत निवडल्यावर किंमत खाली आली का ते बघा. आली नाही तर दुकानाला विचारा, नाहीतर तिथला करही भराल आणि इथलाही.

नव्या रेकॉर्डसाठी रॉटरडॅमचं क्लोन, अ‍ॅमस्टरडॅमचं रश अवर, लंडनचं फोनिका, जर्मनीतलं डेक्स, शिवाय वर आलेली हार्ड वॅक्स आणि जूनो ही नावं पुरेशी आहेत. मुंबईतल्या रेकॉर्डच्या दुकानांत रॉक, जॅझ आणि हिंदी जास्त, बारा इंची टेक्नो क्वचित. पुण्याच्या जुन्या बाजारात जुने प्लेअर मिळतात, या संगीताच्या रेकॉर्ड मिळतील अशा आशेने जाऊ नका.

७. जुनी रेकॉर्ड : जाहिरात वाचायला शिका

संपलेल्या रेकॉर्डसाठी डिस्कॉग्जचा बाजार. तिथे प्रत्येक रिलीजच्या पानावर आधी किती रुपयांना विकली गेली त्याची नीचांकी, मधली आणि उच्चांकी किंमत दिसते. मधल्या किमतीच्या दुप्पट मागणारा विक्रेता भेटला तर थांबा. पुन्हा प्रेस व्हायची शक्यता असते आणि झाली की भाव कोसळतो. मुंबईचे चरणजित सिंग यांची १९८२ची एचएमव्हीची रेकॉर्ड हे मोठं उदाहरण. रोलँडच्या टीबी-३०३ या सिंथेसायझरवर राग वाजवलेली ती मूळ प्रत मिळणं अवघड, पण २०१० मध्ये एका डच लेबलने ती पुन्हा काढली आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तुम्हाला संगीत हवं आहे की मूळ प्रत, हे पाकीट उघडण्याआधी ठरवा.

आता एक नमुना जाहिरात. 'मीडिया व्हीजी प्लस, स्लीव्ह जनरिक. बारीक केशरेषा, लेबलवर स्टिकर, थोडी वाकलेली पण वाजण्यावर परिणाम नाही.' याचा अर्थ असा लावा :

'मीडिया' म्हणजे रेकॉर्ड, 'स्लीव्ह' म्हणजे कव्हर. प्रतवारी रेकॉर्डची वेगळी आणि कव्हरची वेगळी. उतरती भाजणी मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी, मग गुड प्लस आणि गुड. नाव 'व्हेरी गुड' असलं तरी व्हीजी म्हणजे चरचर ऐकू येणारी रेकॉर्ड, आणि 'गुड' म्हणजे वाईटच. सतत किक ड्रम चालू असलेल्या टेक्नोत व्हीजी खपून जाते. लांब शांत ब्रेकडाउन (ड्रम थांबतात तो भाग) असलेल्या डीप हाउसमध्ये नाही. 'जनरिक' म्हणजे साधं कोरं कव्हर. या संगीतात पुष्कळ रेकॉर्ड मुळातच तशा निघतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. 'थोडी वाकलेली' हे शब्द मात्र आपल्यासाठी नकार. तिथे थोडी वाकलेली रेकॉर्ड मुंबईच्या गोदामातून सोलापूरला येईपर्यंत आणखी वाकू शकते.

विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा : वाजवून प्रतवारी केली की नुसती बघून? आणि शेवटच्या खाचेजवळ कोरलेला नंबर काय आहे? त्या नंबरावरून मूळ प्रेसिंग, रीप्रेस की नक्कल हे कळतं. भारतात पाठवतो का ते आधी बघा, बरेच जण पाठवत नाहीत. आणि पैसे पेपालने द्या. तक्रार करायला १८० दिवस मिळतात, आणि भारतात यायला कधीकधी दोन महिने लागतात तेव्हा ती मुदत कामाला येते.

८. टपाल, कुरिअर आणि सीमाशुल्क

वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेल्या मालाला सीमाशुल्काच्या तक्त्यात ९८०४ हे वेगळं शीर्षक आहे. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून १ फेब्रुवारीनंतर ऑर्डर देत असाल तर त्या वर्षीचा दर बघून हिशेब करा. कुणाच्या जुन्या पोस्टमधला टक्का धरू नका.

टपालाने येणाऱ्या पार्सलचा माग १३ अक्षरी क्रमांकाने लागतो : दोन अक्षरं, नऊ अंक, दोन अक्षरं देशाची. तोच क्रमांक भारतात पोचल्यावर इंडिया पोस्टच्या साइटवर चालतो. विदेश डाकघरात ड्युटी आकारली गेली तर ती पोस्टमन दारात घेतो, पावतीसह. सुटे पैसे घरात ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर 'आम्ही काही मागवलं नाही' म्हणून पार्सल परत जातं. ट्रॅकिंग बरेच दिवस कस्टमपाशी अडकलेलं दिसतं. बिल मागणारं पत्र आलं तर लगेच उत्तर द्या, उत्तर न दिल्यास पार्सल विक्रेत्याकडे परत निघतं.

कुरिअर आठवड्याभरात आणतं, पण केवायसी मागतं, ड्युटी आधी भरून घेतं आणि वर स्वतःचं शुल्क लावतं. दोन-तीन रेकॉर्डसाठी टपाल बरं, दहा-बारांच्या महाग ऑर्डरला कुरिअर.

विक्रेत्याला 'गिफ्ट लिहा' किंवा 'किंमत कमी लिहा' असं सांगू नका. भेटवस्तूंची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. कमी किंमत लिहिली आणि पार्सल हरवलं तर भरपाईही तेवढीच मिळते. त्याऐवजी हे सांगा : रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, वेगळ्या आतल्या पाकिटात ठेवा, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा द्या. कव्हरच्या आत ठेवली तर प्रवासात आपटून तिची कड कव्हरची शिवण फाडते.

९. वेळ निवडा : ऑक्टोबर ते फेब्रुवारी

व्हिनाइल ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर ४३-४४ अंश असताना बंद गाडीच्या आत किंवा पत्र्याखालच्या गोदामात तेवढं सहज होतं. पार्सल किती तास कुठे पडून राहील हे तुमच्या हातात नाही, म्हणून ऑर्डर अशी द्या की माल गड्डा यात्रेच्या आगेमागे हातात पडेल. मार्चनंतर फाइली घ्या. पावसाळ्यात धोका भिजलेल्या खोक्याचा, विक्रेत्याला आतून प्लॅस्टिक गुंडाळायला सांगा.

घरी रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकमेकींवर आडव्या रचू नका आणि तिरक्या टेकवूही नका. माळा, पत्र्याची खोली आणि पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं लोखंडी कपाट या तीन जागा वर्ज्य.

१०. पार्सल उघडताना आणि वाजवताना

उघडताना व्हिडिओ काढा. कटर मधून चालवू नका, कडेच्या चिकटपट्टीवरच. पाते खोल गेलं तर पहिलाच ओरखडा तुमचा. रेकॉर्ड टर्नटेबलवर ठेवून डोळे तिच्या पातळीला आणा आणि फिरताना सुईचा दांडा किती वरखाली होतो ते बघा. थोडं डोलणं चालतं, सुई उडत असेल तर व्हिडिओसह कळवा.

सुटकेससारखे स्वस्त प्लेअर घेऊ नका, त्यांची सुई फार भार टाकते आणि रेकॉर्ड झिजवते. मिक्सिंगला डायरेक्ट ड्राइव्ह मोटर (पट्ट्याशिवाय तबकडी थेट फिरवणारी) आणि वेग कमी-जास्त करायचा पिच कंट्रोल हवा. डीजे कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) साधारण ३ ते ४ ग्रॅम भार लागतो, पण कंपनीने लिहिलेला आकडाच पाळा आणि काट्यावर मोजा. जपानहून आलेलं जुनं मशीन १०० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टला थेट जोडलं तर तिथेच संपलं. आवाज बारीक आणि बेसशिवाय आला तर फोनो प्रीॲम्प लागलेला नाही, फाटका आणि प्रचंड मोठा आला तर तो दोनदा लागला आहे, एकदा टर्नटेबलमध्ये आणि एकदा मिक्सरमध्ये. सतत घूं असा आवाज असेल तर अर्थिंगची बारीक वायर जोडायची राहिली.

पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहत असाल तर हवेतला कापसाचा तंतू सुईला चिकटून छोटा गोळा करतो. आवाज एकदम मंद झाला की आधी सुई बघा, मागून पुढे एकाच दिशेने ब्रश फिरवा. रेकॉर्ड धुवायला नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, क्षार खाचेत बसतात आणि चरचर वाढते. डिस्टिल्ड वॉटर घ्या, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसा, मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका. फार चिकट मळ असेल तर पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. आजोबांच्या काळातल्या ७८च्या लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल लावू नका, लाख त्यात विरघळते.

११. फक्त व्हिनाइलवर असलेली रेकॉर्ड फाइलमध्ये

रेकॉर्ड नवीन आणि स्वच्छ असतानाच एकदा रिप करून, म्हणजे फाइलमध्ये उतरवून, ठेवा. लागतं ते : टर्नटेबल, प्रीॲम्प, ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा) आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. रेकॉर्डवर ४५ लिहिलं आहे की ३३ ते बघा, टेक्नो चुकीच्या वेगातही बरं वाटतं आणि चूक महिनाभर कळत नाही. स्पीकर बंद ठेवून हेडफोनवर ऐका, नाहीतर स्पीकरची थरथर सुईत शिरते. पंखाही बंद. दोन्ही बाजू झाल्या की फाइलच्या नावात कॅटलॉग नंबर आणि बाजू लिहा, एआयएफएफ करून बाकीच्या फाइलींसोबत लॅपटॉपवर आणि त्याच बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.